हेड टू टो पाठ आहे, पण रुग्णासमोर काहीच सुचत नाही: सुरुवात कुठून करायची?

प्रश्न थोडक्यात असा. बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी आहे. डोक्यापासून पायापर्यंतच्या तपासणीचा क्रम तोंडपाठ आहे, लॅबमधल्या पुतळ्यावर सगळं नीट जमतं, पण वॉर्डात खऱ्या रुग्णासमोर उभं राहिलं की गोंधळ उडतो. स्टेथोस्कोपमधून "नुसती खरखर" ऐकू येते. डॉक्टर तपासतातच, मग आपण परत का तपासायचं, हेही तिने विचारलंय. आणि जाता जाता, स्टेथोस्कोप कोणता घेऊ?

"आपण परत का तपासायचं" इथून सुरू करते, कारण ते कळलं की बाकीचं आपोआप जागेवर बसतं.

डॉक्टर तपासतात ते आजार कोणता हे ठरवायला. राउंड होतो, ऑर्डर लिहिल्या जातात, ते पुढच्या वॉर्डात जातात. रुग्ण मात्र पूर्ण शिफ्टभर तुझ्यासमोर असतो. तू तपासतेस ते फरक पकडायला: काल आणि आज यांतला, सकाळी आठ आणि दुपारी बारा यांतला, डाव्या आणि उजव्या बाजूतला. न्यूमोनिया आहे की हृदयाचा त्रास, हे तू सांगावंस अशी कुणाची अपेक्षा नाही. "सकाळी श्वास १८ होता, आता २८ आहे आणि आजोबा आडवे व्हायला तयार नाहीत" हे मात्र तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही. म्हणून प्रत्येक तपासणीत मनात एकच प्रश्न ठेव: हे नेहमीपेक्षा वेगळं आहे का? "नेहमी" म्हणजे काय हे कळण्यासाठी पहिली तपासणी नीट झालेली हवी. शिफ्ट सुरू होताना केलेली ती तपासणी म्हणजे पुढच्या सगळ्या तपासण्यांचं माप.

आता रुग्णाजवळ जाण्याआधी. खाटेच्या पायथ्याशी अर्धा मिनिट थांब आणि हात न लावता बघ. रुग्ण कसा पडलाय? दोन उश्या घेऊन अर्धवट बसलाय, की पुढे वाकून गुडघ्यांवर हात टेकलेत? पोट दुखणारा माणूस तळमळतोय की जराही न हलता पडलाय? मुतखड्याची कळ माणसाला स्वस्थ पडू देत नाही. पोटाच्या आत सगळीकडे दाह पसरलेला माणूस हलायलाच घाबरतो. कपाळावर घाम आहे का? युरोबॅगमध्ये लघवी किती आणि कुठल्या रंगाची? सलाईन चालू आहे की बंद पडून सुई लावलेला हात सुजलाय? ऑक्सिजनचा मास्क तोंडावर आहे, पण फ्लोमीटर बंद आहे, असं आपल्या वॉर्डांत होत नाही असं नाही. जेवणाचं ताट तसंच झाकून ठेवलंय का, तेही बघ. यातलं काहीच पुतळ्यावर दिसत नाही.

मग स्वतःचं नाव सांग, काय करणार ते सांग आणि परवानगी घे. पडदा ओढ. नातेवाइकांना बाहेर थांबायला सांगताना कुणीतरी एक बाई सोबत राहू दे, विशेषतः रुग्ण बाई असेल आणि तपासणारा तुमच्या बॅचचा मुलगा असेल तर. बांगड्या, घड्याळ काढलेलं, नखं कापलेली, हात धुतलेले आणि कोरडे, हिवाळ्यात एकमेकांवर चोळून गरम केलेले. थंड हात पोटावर ठेवलास की पोट ताठ होतं आणि मग तुला वाटतं, आत काहीतरी गंभीर आहे.

"जेवलात का?" हा माझा आवडता पहिला प्रश्न. तो सलगीचा वाटतो, पण उत्तर येतं तेव्हा चार गोष्टी एकदम कळतात: श्वासमार्ग मोकळा आहे, ऐकू येतंय, भान आहे आणि एका दमात पूर्ण वाक्य बोलता येतंय की दोन शब्दांनंतर थांबावं लागतंय. बोलताना तोंडाचा एक कोपरा खाली ओढला जातोय का, हेही दिसतं.

माहिती विचारताना रुग्णाला त्याच्या शब्दांत बोलू दे आणि मग खणत जा. "जीव घाबरा होतो" म्हणजे धडधड, धाप, की नुसती भीती? "चक्कर येते" म्हणजे सगळं गरगरतं, की उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते? "अंगावरून जातं" म्हणाल्या तर पांढरं की लाल, किती दिवस, दिवसातून किती कपडे बदलावे लागतात? पोटदुखीत "कुठं दुखतं" याचं उत्तर बोटाने दाखवायला सांग. एका बोटाने दाखवलेली जागा आणि पूर्ण तळहात फिरवून दाखवलेली जागा यांत बराच फरक असतो. "काही व्यसन आहे का?" असं विचारलंस तर "नाही" हेच उत्तर येईल, कारण मिश्रीला बायका व्यसन मानतच नाहीत. "मिश्री दिवसातून किती वेळा लावता?" असं सरळ विचार. मग तोंड उघडायला सांगून टॉर्चने गालांच्या आतली बाजू, जिभेच्या कडा आणि जिभेखालचा भाग बघ. पांढरा किंवा लाल चट्टा, बरी न होणारी जखम, किंवा रुग्णाची स्वतःची तीन बोटं उभी मावणार नाहीत इतकं कमी उघडणारं तोंड दिसलं तर ते लिही आणि सांग. मधुमेह असेल तर "आज उपास आहे का?" हे इन्सुलिन देण्याआधी विचारायचं, चतुर्थी-एकादशीला तर नक्कीच.

आता टीपीआर-बीपी, म्हणजे तापमान, नाडी, श्वास आणि रक्तदाब. तुम्हा विद्यार्थ्यांना हे सगळ्यांत कंटाळवाणं वाटतं, आणि माझ्या मते शिकण्यासारखं सगळ्यांत जास्त यातच आहे.

श्वासापासून सुरू करू, कारण चार्टवर सगळ्यांत जास्त खोटा आकडा तोच असतो. कुठल्याही जनरल वॉर्डाचा चार्ट उघड. तीसच्या तीस रुग्ण मिनिटाला २० श्वास घेत असतात! हे शक्य नाही. न मोजता लिहिलेले आकडे आहेत ते. रुग्ण ढासळायला लागतो तेव्हा बऱ्याचदा बीपी पडायच्या कितीतरी आधी श्वासाचा वेग वाढलेला असतो. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये आणलेली आणि २०१७ मध्ये सुधारलेली, रुग्ण ढासळतोय का हे ओळखायची 'न्यूज' ही गुणपद्धत बघ: १२ ते २० श्वासांना शून्य गुण, २१ ते २४ ला दोन, आणि २५ किंवा जास्त असतील तर तीन, म्हणजे एका निकषाला मिळू शकणारे सगळ्यांत जास्त. आठ किंवा कमी श्वासांनाही तीनच.

मोजायचं कसं? नाडी मोजून झाली की बोटं मनगटावरच ठेव आणि नजर छाती-पोटाकडे ने. "आता श्वास मोजते हं" असं सांगायचं नाही. सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. पूर्ण एक मिनिट मोज. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलंस तर एका श्वासाच्या चुकीचे चार होतात. मोजतानाच बघ: मानेचे स्नायू ओढले जातायत का, फासळ्यांमधली जागा आत जातेय का, नाकपुड्या फुलतायत का. मधुमेही रुग्ण खोल आणि भरभर श्वास घेतोय, छाती मात्र ऐकायला स्वच्छ आहे, असं दिसलं तर ग्लुकोमीटर आणायला धाव. तिथे अडचण फुप्फुसात नसून रक्तात वाढलेल्या आम्लात असू शकते.

लहान मुलाचा श्वास आईच्या मांडीवर, ते शांत असताना, सदरा वर करून मोजायचा. रडणाऱ्या बाळाचा आकडा फसवतो. दोन महिन्यांखालच्या बाळात ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त म्हणजे जलद श्वास. हे तीन आकडे पाठच कर. आशाताईंना ते येतात, तुला आलेच पाहिजेत. श्वास आत घेताना बाळाच्या छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल तर आकडा कितीही असो, ताबडतोब कळवायचं.

नाडी तीन बोटांनी. अंगठा नको, त्याची स्वतःची नाडी जाणवते. पहिल्यांदा पूर्ण मिनिट. आकड्याइतकाच ताल महत्त्वाचा. ठोके अनियमित लागले तर स्टेथोस्कोप हृदयाच्या टोकावर, म्हणजे डावीकडे पाचव्या आणि सहाव्या फासळीमधल्या जागेत, गळपट्टीच्या हाडाच्या मध्यातून खाली येणाऱ्या रेषेवर ठेवून मोज. एकीने हृदय, दुसरीने मनगट, दोघींनी एकाच घड्याळावर मोजलं आणि मनगटाचा आकडा कमी आला तर काही ठोके हातापर्यंत पोचतच नाहीत. हे ऑर्डरमध्ये लिहिलेलं नसलं तरी सांगण्यासारखं आहे. मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉल या नाडी मंदावणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णाची नाडी रक्तस्राव होत असतानाही फारशी वाढत नाही, म्हणून "नाडी ८० आहे, ठीक आहे" म्हणण्याआधी गोळ्यांचं पाकीट बघायचं.

तापमान लवकर आवरते. काखेत लावायचं तर काख पुसून कोरडी कर. तोंडात लावायचं तर नुकताच चहा झालाय का विचार आणि झाला असेल तर अर्धा तास थांब. आणि म्हाताऱ्या माणसाला ताप नाही म्हणजे जंतुसंसर्ग नाही, असं धरू नकोस.

बीपीत मात्र घाई केलेली मला खपत नाही. पाच मिनिटं शांत बसलेला रुग्ण, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, लघवी करून आलेला, गप्प. मोजताना गप्पा मारल्या तरी आकडा वर जातो. हात हृदयाच्या पातळीवर टेकलेला हवा. लोंबकळता हात आकडा वाढवतो. बाही दंडावर गुंडाळून घट्ट वळी करायची आणि तिच्याखाली पट्टा बांधायचा, हे सर्रास चालतं आणि चूक आहे. हात बाहीतून काढायला लाव, त्यासाठी पडदा आहेच. पट्ट्यातल्या रबरी पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या साधारण ४० टक्के आणि लांबी ८० टक्के हवी. जाड दंडाला लहान पट्टा लावलास तर नसलेलं बीपी दिसेल. पट्ट्याची खालची कड कोपराच्या खळग्यापासून दोन-तीन सेंटीमीटर वर.

आधी मनगटाची नाडी धरून हवा भर, नाडी लागायची थांबेल तो आकडा लक्षात ठेव, सगळी हवा सोड. मग स्टेथोस्कोप लावून त्या आकड्याच्या ३० वर भर आणि सेकंदाला दोन-तीन मिलिमीटर इतक्या सावकाश सोड. हे आधी नाडी धरून बघायचं कशासाठी? काही रुग्णांत, विशेषतः जास्त बीपी असणाऱ्यांत, आवाज वर सुरू होतात, मध्येच गायब होतात आणि खाली परत येतात. त्या मधल्या शांत पट्ट्यात तू सुरुवात केलीस तर १९० चा माणूस १५० चा वाटेल. पहिला स्पष्ट ठोका म्हणजे वरचं बीपी, आवाज पूर्ण थांबतो ते खालचं. हे आवाज १९०५ मध्ये निकोलाय कोरोत्कोव्ह या रशियन लष्करी शल्यविशारदाने सांगितले आणि इतक्या यंत्रांनंतरही आपण तेच ऐकतोय. हाताने मोजायच्या उपकरणावर खुणा दोन-दोन मिलिमीटरच्या असतात, त्यामुळे १२७ लिहिलंस तर मला कळतं की तू वाचलेलं नाहीस; आणि सगळ्यांचं १२०/८० लिहिलंस तरी कळतं. डायलिसिससाठी फिस्टुला (रक्तवाहिन्यांचा जोड) केलेल्या हातावर बीपी घ्यायचं नाही. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या असतील तर तो हातही टाळ. वयस्कर रुग्ण उठताना चक्कर येते म्हणाला तर झोपून घे, मग उभं करून एका आणि तीन मिनिटांनी घे. वरचं २० ने किंवा खालचं १० ने उतरलं तर नोंद कर आणि त्याला एकट्याने संडासाला जाऊ देऊ नकोस.

पल्स ऑक्सिमीटर बोटाला लावण्याआधी हात गरम आहे ना, नेलपॉलिश किंवा गडद मेंदी नाही ना, ते बघ. पडद्यावरची नाडी आणि तू मोजलेली नाडी जुळत नसेल तर त्या ऑक्सिजनच्या आकड्यावरही विश्वास ठेवू नकोस. सावळ्या त्वचेत हे यंत्र कधीकधी खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवतं, म्हणजे आपल्याकडे बहुतेक सगळ्यांच्याच बाबतीत ही शंका मनात असू दे.

पुस्तकातली चार तंत्रं, म्हणजे बघणं, हाताने चाचपणं, बोटाने ठोकणं आणि ऐकणं, याच क्रमाने करायची. पोटात क्रम बदलतो: बघ, ऐक, मग ठोक आणि शेवटी चाचप. आधी दाबलंस तर आतड्यांची हालचाल बदलते आणि मग ऐकलेलं खरं राहत नाही.

बघायला उजेड लागतो. कावीळ ट्यूबलाइटखाली शोधायची नाही, खिडकीजवळ न्यायचं आणि खाली बघायला सांगून डोळ्यांचा वरचा पांढरा भाग बघायचा. हळदीने तळहात पिवळे होतील, डोळे होत नाहीत. फिकेपणासाठी खालची पापणी ओढून आतली कड, जीभ आणि तळहात, तिन्ही बघ. सावळ्या चेहऱ्यावरून अंदाज बांधू नकोस. ओठ-नखं निळसर दिसली तर जीभ बघ: जीभ गुलाबी आणि नखं निळी असतील तर हात थंड पडलेत किंवा तिथलं रक्ताभिसरण कमी आहे. जीभच निळी असेल तर ऑक्सिजनचा प्रश्न आहे आणि वेळ घालवायचा नाही.

चाचपताना तापमानासाठी हाताची मागची बाजू वापर आणि दोन्ही पाय एकाच वेळी तपास. सूज बघताना घोट्याच्या आतल्या बाजूला किंवा नडगीवर अंगठा निदान पाच सेकंद दाबून धर. सगळ्या मुली एक सेकंद टेकवतात आणि "सूज नाही" लिहितात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सूज पायावर नसते, ती कमरेखाली माकडहाडावर उतरलेली असते. कुशीवर वळवल्याशिवाय दिसणार नाही. एकच पोटरी सुजलेली, गरम, दुखरी असेल तर ती चोळायची नाही आणि नातेवाइकांनाही तेल लावू द्यायचं नाही. टेपने दोन्ही पोटऱ्या एकाच उंचीवर मोज आणि आकडे कळव.

पोटासाठी गुडघे वाकवून झोपव, मूत्राशय रिकामं असू दे, दुखणाऱ्या जागेपासून सगळ्यांत लांबून सुरुवात कर आणि नजर पोटावर नव्हे, रुग्णाच्या चेहऱ्यावर ठेव. ऑपरेशननंतर रुग्ण "पोट फुगलंय" म्हणतो आणि लघवी झालेली नाही, तेव्हा ओटीपोटावर ठोकून बघ. हवेवर पोकळ आवाज येतो, भरलेल्या मूत्राशयावर बद्द येतो. ठोकण्याची ही युक्ती लिओपोल्ड आउएनब्रुगर या ऑस्ट्रियन डॉक्टरांनी १७६१ मध्ये लिहून ठेवली. ते खानावळवाल्याचा मुलगा, वडील पिंप ठोकून आत दारू किती आहे ते ओळखायचे, असं सांगतात. नर्सला याची गरज बहुतेक मूत्राशयापुरतीच पडते, छाती ठोकण्यात फार वेळ घालवू नकोस.

आता तुझी खरखर. आधी स्टेथोस्कोपचे कानात घालायचे तुकडे बघ. ते नाकाच्या दिशेला वळलेले हवेत, उलटे घातलेस तर निम्मा आवाज जातो. दोन तोंडांचा असेल तर फिरवून पडद्याच्या, म्हणजे चपट्या बाजूला चालू आहे का, ते बोटाने हलकेच टिचकी मारून बघ. कपड्यावरून ऐकायचं नाही. पदरावरून, बनियनवरून ऐकलेली खरखर ही कापडाचीच असते. १८१६ मध्ये पॅरिसमध्ये लाएनेक या डॉक्टरांनी एका तरुण बाईच्या छातीला कान लावणं टाळण्यासाठी कागदाची सुरळी केली, त्यातून हे उपकरण आलं. म्हणजे ते मर्यादा सांभाळायलाच बनलंय: ब्लाउजची दोन बटणं काढून, पदराच्या आतून, नीट झाकून ऐकता येतं. छातीवर केस असतील तर घट्ट दाबून धर.

रुग्णाला बसव, तोंड उघडं ठेवून नेहमीपेक्षा जरा खोल श्वास घ्यायला सांग आणि पाठीवरून ऐक. वरून खाली, पण प्रत्येक पातळीवर डावी-उजवी जोडीने. एक पूर्ण बाजू संपवून मग दुसरीकडे गेलीस तर तुलना होत नाही. मध्ये थांबू दे, सलग खोल श्वास घेतले की चक्कर येते. तुला तीनच प्रश्नांची उत्तरं हवीत: हवा दोन्हीकडे सारखी जातेय का, शिट्टीसारखा आवाज आहे का, तळाशी बारीक चरचर आहे का. कानाजवळ केसांची बट दोन बोटांत चोळून बघ, ती चरचर साधारण तशीच असते. म्हाताऱ्या माणसाला भरभर सलाईन चालू असताना ही चरचर नव्याने आली तर सलाईन कमी कर आणि डॉक्टरांना बोलव. दम्याच्या रुग्णाची शिट्टी थांबली म्हणून खूश होण्याआधी त्याच्याकडे बघ. तो थकून गप्प झाला असेल आणि छातीत कसलाच आवाज नसेल, तर हवाच आत जात नाहीये.

शुद्ध किती आहे हे मोजायला १९७४ मध्ये टीसडेल आणि जेनेट यांनी आणलेली ग्लासगो पद्धत वापरतो: जास्तीत जास्त गुण डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५, हालचालीला ६. एकूण बेरीज सांगू नकोस, तिन्ही वेगळे लिही. बेरीज ११ कितीतरी प्रकारांनी होते आणि कुठला भाग उतरला तेच महत्त्वाचं असतं. आवाजाने जाग आली नाही तरच खांद्याचा स्नायू चिमटीत धरून वेदना द्यायची. छातीच्या हाडावर बोटांचे सांधे घासून वळ उठवायचे नाहीत. आणि एक नीट ऐक: नंदुरबारच्या अक्राणीतून किंवा गडचिरोलीच्या भामरागडमधून आलेली आजी तुझ्या मराठीला असंबद्ध उत्तर देते म्हणून तिला "कन्फ्यूज्ड" लिहायचं नाही. भिली, पावरी, माडिया समजणारं माणूस शोध, नातवाला विचार: "रोज अशाच बोलतात का?" हा प्रश्न कुठल्याही रुग्णाच्या नातेवाइकाला विचारण्यासारखा आहे. बदल सगळ्यांत आधी घरच्यांना कळतो.

ग्रामीण रुग्णालयात पोस्टिंग आलं तर दोन गोष्टी हमखास भेटतील. पावसाळ्यात पहाटे आलेला, जमिनीवर झोपलेला, पोटात दुखतंय म्हणणारा माणूस: अंगावर दंशाची खूण नसली तरी मण्यार चावलेली असू शकते. पापण्या जड होतायत का, वर बघता येतंय का, थुंकी गिळता येतेय का, मान उचलता येतेय का, हे थोड्या थोड्या वेळाने परत परत बघ. दुसरी म्हणजे विंचू. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशानंतर वेदना कमी आहेत म्हणून सोडून देऊ नकोस. घाम, उलट्या आणि थंड पडलेले हातपाय हे जास्त चिंतेचं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी अशा रुग्णांच्या उशाशी बसून हीच लक्षणं बारकाईने नोंदवली आणि प्राझोसिन या रक्तवाहिन्या सैलावणाऱ्या औषधाचा उपचार रुळवला. तिथे मोठी यंत्रं नव्हती. नाडी, बीपी, हातपाय आणि छातीच पुन्हा पुन्हा तपासलेली होती.

प्रसूतीनंतरच्या पहिल्या दोन तासांत हात पोटावर हवा. गर्भाशय बेंबीच्या आसपास, घट्ट लागायला पाहिजे. मऊ, पसरट लागलं तर चोळत राहा आणि हाक मार, सोडून जाऊ नकोस. पॅड वरून कोरडं दिसेल, रक्त कमरेखाली साचलेलं असतं. बाईला कुशीवर करून खाली हात घालून बघ. तरुण बाईचं बीपी बराच वेळ टिकून राहतं, नाडी आधी वाढते.

त्वचेची तपासणी तर पूर्णपणे आपलीच आहे, डॉक्टर क्वचितच पाठ वळवून बघतात. माकडहाड, टाचा, डोक्याची मागची बाजू, ऑक्सिजनच्या नळीखाली कानामागची जागा. लाल भाग बोटाने दाबून सोड. पांढरा पडून परत लाल झाला तर अजून वेळ आहे, लालच राहिला तर जखमेची सुरुवात झालीय. सावळ्या त्वचेत लाली दिसतच नाही, तिथे गरम लागतंय का, कडक लागतंय का, हे हाताने बघायचं. हे स्पंज देताना, म्हणजे खाटेवरच ओल्या कापडाने अंग पुसताना होतं, वेगळा वेळ काढावा लागत नाही. खरं तर अर्धी हेड टू टो तपासणी स्पंजिंगमध्येच उरकते, पण तुम्ही ते काम मावशींवर सोपवता.

लिहिताना निष्कर्ष लिहू नकोस, दिसलं ते लिही. "पेशंट ठीक नाही" असं सांगितलंस तर मध्यरात्री झोपेतून उठलेला रेसिडेंट फोन ठेवून देईल. असं सांग: "सर, फीमेल मेडिकल, बेड १४, वय ६२, न्यूमोनियाच्या आजी. दहा वाजता श्वास २०, ऑक्सिजन ९६ होता. आता श्वास ३०, ऑक्सिजन ८९, बीपी १०० / ६०, नाडी ११८, उजवीकडे खाली हवा कमी जातेय आणि त्या नातीला ओळखत नाहीयेत. मी डोकं वर केलंय, ऑक्सिजन सुरू केलाय. तुम्ही येऊन बघावं." हे वीस सेकंदांत होतं. आणि जे तपासलं नाही त्यापुढे "नॉर्मल" लिहायचं नाही, जागा रिकामी ठेवायची.

सरावाला हॉस्टेल आहेच. आजारी छाती ओळखायची तर आधी निरोगी छात्या भरपूर ऐकायला हव्यात. रूममेटची पाठ, जेवणाआधी-जेवणानंतर पोट, जिना चढून आल्यावर नाडी आणि श्वास. वॉर्डात रोज एकच रुग्ण पूर्ण तपास. बाकीच्यांचं जेवढं काम नेमलंय तेवढं. सीनियर सिस्टरला मोजून झाल्यावर तुझ्या मागोमाग मोजायला सांग आणि आकडे ताडून बघ. बहुतेक जणी करतील, फक्त सकाळच्या इंजेक्शनच्या वेळेला विचारू नकोस.

स्टेथोस्कोप: दोन तोंडांचा, साधा, कानात नीट बसणारा घे. पहिल्या वर्षाला महागडा कार्डिऑलॉजीचा नको. वॉर्डात तो चार दिवसांत कुणीतरी उचलतं. नळीवर नावाची पट्टी चिकटव, प्रत्येक रुग्णानंतर पडदा स्पिरिटच्या बोळ्याने पुस, आणि कानातल्या रबराचा जादा जोड मिळतो तो घेऊन ठेव, हरवतो तो नेहमी तोच.